आभाराचा ठराव सर्वानुमते मंजूर

श्रीरामपूर नगरपरिषदेत मधली काही वर्षे प्रशासकच ठराव मांडत आणि प्रशासकच तो मंजूर करीत. एवढी एकवाक्यता गावाने पूर्वी कधी पाहिली नव्हती. 2025 च्या डिसेंबरातल्या निवडणुकीने ती मोडली. आता सभागृहात माणसे आली आहेत आणि त्यांना विषय हवेत. म्हणून व्यापारपेठेसाठी काही ठराव आम्हीच लिहून दिले आहेत. सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा मोकळ्या आहेत.

ठराव 1, पाट्या : पाटी मराठीत हवी आणि देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, हा राज्याचा नियम 2022 पासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू आहे. तो कडक पाळावा. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकावर ‘बेलापूर’ लिहिले आहे, तेही देवनागरीत आहे. सबब, कारवाईचे कारण दिसत नाही. प्रवाशाने बेलापूरला उतरावे आणि श्रीरामपुरात रिक्षा शोधावी.

ठराव 2, फेरीवाले : 2014 चा केंद्राचा कायदा सांगतो की, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेत्यांना सामावून घ्या आणि पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सदस्य त्यांचेच ठेवा. 2011 च्या जनगणनेत शहर नव्वद हजारांच्या आसपास होते, म्हणजे सव्वादोन हजार हातगाड्या झाल्या. एवढ्यांना जागा कुठली? मेन रोडवर तर नाहीच. तिथे दुकानदारांनी गटारीपर्यंत माल मांडलेला असतो. खुलासा : हातगाडी म्हणजे अतिक्रमण, दुकानाबाहेरची बादल्यांची उतरंड म्हणजे ‘डिस्प्ले’.

ठराव 3, महसूल : 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली. नाक्यावरचा बांबू उठला, ट्रक सुटले, व्यापारी सुटला आणि पालिकेचा रोजचा गल्लाही सुटला. त्या बदल्यात मुंबईहून सहायक अनुदान येऊ लागले. पूर्वी पालिका ट्रकची वाट पाहायची, आता अनुदानाची पाहते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. त्याचे दर ठरवणाऱ्या परिषदेत केंद्र बसते, राज्ये बसतात, नगरपालिकेला खुर्ची नाही. व्यवसाय कर 1975 च्या कायद्याने राज्यच घेते. म्हणजे धंदा श्रीरामपुरात, कर मुंबईत. कचरा तेवढा श्रीरामपूरच्या वाट्याला पूर्ण येतो, त्यात राज्य हिस्सा मागत नाही. या उदारतेची सभागृहाने नोंद घ्यावी.

ठराव 4, शास्ती : नागरिकाने घरपट्टी थकवली की दरमहा 2 टक्के शास्ती चढते. हाच दर, अनुदानाचा हप्ता लांबला तर, मंत्रालयाला लावावा. वसुली पथकाने ढोल-ताशासह मुंबईला जावे. प्रवासखर्चाची तरतूद अनुदान आल्यावर करावी.

ठराव 5, आभार : निधी आला की ज्यांनी ‘आणला’ त्यांचे फलक प्रत्येक चौकात लावावेत. फोटो मोठा, रक्कम त्याहून मोठी. हा पैसा आपल्याच गल्ल्यातून गेला होता, ही माहिती मात्र फलकावर नको, अक्षरे लहान होतात.

यातले पहिले चार ठराव अडकू शकतात. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम 308 ने जिल्हाधिकाऱ्यांना ठरावाची अंमलबजावणी रोखता येते. तसे पत्र जिल्ह्याच्या ठिकाणाहून, म्हणजे अहिल्यानगरहून येते. श्रीरामपूर वेगळा जिल्हा झाला तर ते गावातल्या गावात मिळेल, एवढा विकास तरी नक्की. पाचवा ठराव आजवर कोणी रोखल्याचे ऐकिवात नाही.

थट्टा पुरे. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय लिहून ठेवले आणि राज्याच्या करांतला त्यांचा वाटा सुचवायला दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायला सांगितले. विषय पालिकेकडे आले, वाटा शिफारशीत राहिला. हातगाडी कुठे उभी करायची यावर सभागृहात तासभर भांडणे होतात, कारण तेवढेच हातात आहे.

तेव्हा मतदारांनो, तुमच्या नगरसेवकाला पुढच्या सभेआधी गाठा. आयोगाने शहरांचा वाटा किती सुचवला आणि आपल्या पालिकेत प्रत्यक्ष किती जमा झाला, हे दोन आकडे इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. आभार त्यानंतर मानता येतील.