बुधवार सोडून कधीही

डोंबिवलीत राहणारा माणूस मुंबईकर आहे की नाही, हे तो कोणाशी बोलतोय यावर ठरतं. दादरकरांच्या लेखी आम्ही 'तिकडचे'. कुलाब्याच्या माणसापुढे तर जवळजवळ नाशिकचे. पण बार्शीहून पाहुणे यायचे म्हटलं की गेटवेपासून गोरेगावपर्यंतचा सगळा सातबारा आपोआप माझ्या नावावर चढतो.

२०१९ च्या नाताळात ताई, दाजी, दोन भाचरं आणि ताईच्या सासूबाई, ज्यांना सगळी बार्शी आक्का म्हणते, अशी मंडळी कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाली आणि पहाटे कल्याणला उतरली. दाजींची बाजार समितीत आडत आहे. तुरीच्या ढिगात नुसता हात घालून ते मालाची ओल सांगतात. अशा माणसाला मुंबई दाखवायची तर तयारी चोख हवी, म्हणून मी एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं होतं. त्यात रंग होते. घारापुरीची ओळ नमुन्यादाखल देतो : 'बोट ९.३०, त्रिमूर्ती ११.००, माकडे ११.४५.' बायकोने ते वाचून विचारलं, "माकडांना कळवलंय का?" मी दुर्लक्ष केलं. नियोजनाची ज्यांना सवय नसते त्यांना असे प्रश्न पडतात.

आता कोणी म्हणेल, एवढी माहिती आली कुठून? वर्षानुवर्षं मी डोंबिवली ते फोर्ट ये-जा करतो. त्या प्रवासात मला दिसलेली मुंबई म्हणजे पुढच्या माणसाची मान. बाकीची मी वाचून घेतली होती, आणि तीही पाहुणे यायच्या आदल्या रात्री.

सोमवारी सकाळी गेटवेपुढे उभं राहून मी सुरुवात केली. "१९११ साली पंचम जॉर्ज राजा इथे उतरला, त्याच्या आठवणीसाठी ही कमान. बांधून पुरी झाली १९२४ ला."

भाचा तेव्हा पाचवीत होता. त्याने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे राजा आला तेव्हा ही नव्हतीच?"

"नव्हती."

"मग तो कुठून आत आला?"

दाजी म्हणाले, "आरं, आपल्याकडं मंत्री येऊन गेल्यावर रस्ता होतो, तसंच." मी विषय बदलून १९४८ वर आणला. शेवटची इंग्रज पलटण याच कमानीखालून परत गेली, हे ऐकून आक्कांना बरं वाटलं. "जायच्या टायमाला तरी उपेगी पडली," त्या म्हणाल्या.

मग मी रुबाबात घारापुरीची तिकिटं मागितली. खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे, मग मागच्या सगळ्या लवाजम्याकडे पाहिलं आणि सौम्यपणे म्हणाला, "साहेब, आज सोमवार. लेणी बंद."

आता मला सांगा, घारापुरीची लेणी शंकराची. सोमवार हा शंकराचा वार. महादेवाच्या घरी महादेवाच्याच वारी सुट्टी असेल, हे कोणत्या हिंदू माणसाच्या डोक्यात येईल? मी हा मुद्दा तिथल्या तिथे तपशीलवार मांडला. तो त्यांना पटलाही, पण बोट निघाली नाही. आक्कांनी एवढंच म्हटलं, "आमच्या भगवंताच्या देवळाला सुट्टी नसती." बार्शीच्या माणसाला भगवंत मंदिराचा दाखला कुठेही देता येतो. तो खोडून काढायची सोय नाही.

त्याऐवजी बंदरातल्या बोटीने एक फेरी मारली. वाऱ्याने मला पुन्हा हुरूप आला. दूरवर एक बेट दिसताच मी उभा राहिलो आणि हात लांब करून म्हणालो, "ती बघा घारापुरी! आत जवळजवळ वीस फुटांची त्रिमूर्ती आहे. १९८७ पासून जागतिक वारसा!" सगळ्यांनी पाहिलं. ताईने तर हातही जोडले. सुकाणूवरच्या पोराने मागे वळून सांगितलं, "ते जवाहर द्वीप. तिथं तेलाच्या टाक्या आहेत." ताईने जोडलेले हात सावकाश पदराशी नेले. तेलाच्या टाक्यांना केलेला नमस्कार परत घेता येत नाही.

मंगळवारी वरळीचं नेहरू तारांगण. १९७७ पासून लाखो मुलांनी तिथे खुर्चीत रेलून आकाश पाहिलंय. खेळ वेगवेगळ्या भाषांत असतात आणि आम्ही पोचलो ती वेळ इंग्रजीची होती. मी म्हटलं, तारे काय, सगळ्या भाषांत सारखेच. मी शेजारी बसून कानात मराठी करून सांगेन. अंधार झाला, गारवा सुटला, डोक्यावर ग्रह फिरायला लागले. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "मामा, तू शनीपासून झोपला होतास." मी सांगितलं की शनीकडे फार वेळ बघू नये असं आपल्याकडे मानतात. दाजी काही बोलले नाहीत, पण तुरीत ओल लागली की ते जसे गप्प होतात तसे झाले.

बुधवारी मात्र मी पूर्ण सावध होतो. राणीचा बाग दर बुधवारी बंद असतो, हे मला कोणी न सांगता ठाऊक होतं. म्हणूनच वेळापत्रकात तो गुरुवारच्या रकान्यात, हिरव्या रंगात होता. सकाळी लिफ्टमध्ये शेजारचे भेटले. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, दोन मुलं, बायको. "कुठे?" "राणीच्या बागेत. पेंग्विन बघायला."

मला त्यांची दया आली. मी लिफ्टचं दार पायाने अडवून त्यांना आठवड्यातले वार समजावून सांगितले. "अहो, आज बुधवार! भायखळ्यापर्यंत जाऊन कुलूप बघून याल. उद्या जा. आम्हीपण उद्याच चाललोय." ते म्हणाले, आज नाताळची सुट्टी आहे, म्हणून वाटलं... मी म्हटलं, बुधवार तो बुधवार. त्यांनी मनापासून आभार मानले, मुलांना समजावलं आणि सगळे परत वर गेले. लोकांच्या उपयोगी पडण्यात एक वेगळंच समाधान असतं. त्यांची धाकटी रडत होती, पण लहान मुलांना नियोजनातलं काय कळतं!

आम्ही मलबार हिलला गेलो. तिथल्या फिरोजशहा मेहता उद्यानाखाली पाण्याचा भलामोठा साठा आहे आणि १८८१ साली त्याच्यावर बाग केली, हे कळल्यावर दाजी फुलं बघायचीच विसरले. टाकी किती खोल, पाणी कुठून येतं, वर माती किती टाकली, असे प्रश्न त्यांनी विचारले. दुष्काळी भागातल्या माणसाच्या पायाखाली पाणी आहे म्हटल्यावर तो झाडं कशाला बघेल? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्या रकान्यात नव्हतं. मी म्हणालो, "ते गुप्त ठेवतात."

समोरच्या कमला नेहरू उद्यानात म्हातारीचा बूट आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत त्या बुटापुढचा एक तरी फोटो निघेल. आक्का त्याच्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "दुसरा कुठाय?"

रात्री जेवताना आक्का पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. त्या परकरात असताना मामाबरोबर मुंबईला आल्या होत्या. बाकी काही आठवत नाही, पण राणीच्या बागेत हत्तीवर बसल्या होत्या, ते आठवतं. हत्तीचे केस टोचले होते. "तेवढा हत्ती दाखीव रे बाबा. बाकीचं ऱ्हाऊ दे." मी वेळापत्रक उघडलं, गुरुवारच्या ओळीत पेंग्विनच्या पुढे 'हत्ती' असं लिहिलं आणि त्यांना दाखवलं. आक्कांना वाचता येत नाही, पण हिरवा रंग त्यांना आवडला.

गुरुवारी गर्दी ओसरल्यावरची जलद गाडी पकडली. खिडकी मिळाली, आणि मी पेंग्विनवर व्याख्यान सुरू केलं. हे हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत. २०१६ साली ते दक्षिण कोरियातल्या सोलहून भायखळ्याला आले आणि पुढच्या वर्षी लोकांना बघायला मिळाले. त्यांच्यासाठी थंडगार दालन केलंय. तिकीट आई, बाप आणि दोन मुलं अशा चौघांना मिळून शंभर रुपये. डब्यातले दोघं-तिघं कानांतलं गाणं थांबवून ऐकायला लागले. भायखळा येईपर्यंत माझा सोमवार आणि मंगळवार पार धुऊन निघाला होता.

फाटक बंद होतं.

मी पहारेकऱ्याला म्हणालो, "आज गुरुवार आहे." तो म्हणाला, "हो ना." मी म्हणालो, "बंद बुधवारी असतं." तो म्हणाला, "बुधवारी सुट्टीचा दिवस आला की त्या दिवशी उघडं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. काल नाताळ होता. काल यायचं ना, केवढी गर्दी होती!"

या नियमात मला काहीही गैर दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून कोणीतरी शहाणपणाने केलेला नियम आहे. फक्त त्या शहाणपणाची झळ अख्ख्या मुंबईत ज्यांना लागू शकत होती, त्यातल्या एका कुटुंबाचं नेतृत्व मी करत होतो. दुसरं कुटुंब तेवढ्यात टॅक्सीतून उतरलं. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, दोन मुलं, बायको. शेजाऱ्यांनी फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. आमची सोसायटी मराठी आहे. आता वार्षिक सभेत बोलतील. त्यांची धाकटी मात्र माझ्याकडे बोट दाखवून आईला म्हणाली, "हेच ते काका!"

शेजारच्याच फाटकातून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाता येतं. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. "दाजींच्या नावाचं आहे," असं म्हणत मी सगळ्यांना, शेजाऱ्यांसकट, तिकडे वळवलं. काहीतरी उघडं सापडलं यातच माझं निम्मं काम झालं होतं. आत मातीच्या बाहुल्या आहेत, जुन्या मुंबईचे नकाशे आहेत, तऱ्हेतऱ्हेची पागोटी घातलेली माणसं आहेत. दाजी एकेका पागोट्यापुढे थांबून कोण काय धंदा करत असेल ते ओळखत होते आणि खालची पाटी वाचून खूष होत होते. पोरं गुंगून गेली. मला कोणी काही विचारेना. इतकी निवांत दुपार त्या आठवड्यात दुसरी नव्हती.

बाहेर अंगणात एक दगडी हत्ती उभा आहे. मी पाटी वाचली आणि मला घाम फुटला. हत्ती घारापुरीचा होता. बेटावर धक्क्याजवळ तो उभा असायचा, म्हणून पोर्तुगीजांनी बेटाला हत्तीचं नाव दिलं. १८१४ साली त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, पण उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून पुढे सांधले. म्हणजे घारापुरीला न जाता घारापुरीचा अस्सल ऐवज मी पाहुण्यांना दाखवला होता. हे मी ताबडतोब सगळ्यांच्या निदर्शनास आणून दिलं.

दाजी हत्तीभोवती फिरले. सांधे बोटाने चाचपले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, ह्यो हत्ती तुमच्याच हातचा दिसतोय. निघाला इलायतेला आन पोचला भायखळ्याला."

शेजारी एवढे मोठ्याने हसले की त्यांचा राग तिथेच फिटला असावा, असं मी धरून चाललो आहे.

आक्का या सगळ्यात नव्हत्या. त्या हत्तीच्या पायाशी उभ्या होत्या आणि त्याला हात लावून काहीतरी पुटपुटत होत्या. बार्शीला परतल्यावर त्यांनी अख्ख्या गल्लीला काय सांगितलं, ते ताईने मला फोनवर ऐकवलं : राणीच्या बागेतला आपला हत्ती अजून हाय. पण आता लई वय झालंय त्याचं. जागचा हालत न्हाय.

मी ताईला म्हटलं, तू काही खुलासा करत बसू नकोस. मग एक्सेल उघडलं आणि गुरुवारच्या रकान्यात हत्तीपुढे बरोबरची खूण केली. आख्ख्या वेळापत्रकात ती एकच आहे, पण ज्याला कोणाला मुंबई बघायची असेल त्याला मी ती दाखवू शकतो. बुधवार सोडून कधीही या. आणि बुधवारी सुट्टी आली, तर आधी फोन करा. मला नको, बागेला करा.