सागरीकाका

मुलुंड पूर्वेच्या जुन्या सोसायट्यांत, जिथे लिफ्ट नंतर बसवली पण पार्किंगची भांडणं मूळचीच आहेत, तिथे एक तरी सागरीकाका असतोच. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी बँकेतली किंवा विम्यातली, आणि तीही संपत आलेली. मूळ गाव कोकणात. गावी घर आहे, पण त्यात सहा जणांचा हिस्सा असल्यामुळे कौलं कुणीच चाळत नाही. सोसायटीतल्या पोरांनी आपल्याला हे नाव ठेवलंय हे काकांना कळलेलं आहे. त्यांना ते आवडलेलंही आहे.

नाव पडलं ते २०२४च्या मार्चमध्ये. वरळीकडून मरीन ड्राइव्हला जाणारा कोस्टल रोड सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात अर्धी सोसायटी तो बघून आली. काका गेले नाहीत. "तो कसला कोस्टल? चहा पिईपर्यंत संपतो. कोस्टल म्हणजे आपला सागरी महामार्ग. रेवस ते रेड्डी!" हे ते इतक्या ठसक्यात म्हणाले, की जणू रस्त्याची मोजणी त्यांनीच केली होती. प्रत्यक्षात बॅरिस्टर अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं जाणाऱ्या या रस्त्याचं बोलणं सुरू झालं, तेव्हा काका शाळेत होते आणि भूगोलात जेमतेम पास होत होते.

तो रस्ता आजही थोडा डांबर आणि थोडा खाडी असा आहे. पूल व्हायचे आहेत तिथे गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड ही चार नावं काका एका दमात घेतात. पूल झाले की सगळी मजा गेली, त्याआधी जाऊन यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्या बाबतीत फार घाई नाही, असं सोसायटीचं मत आहे.

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. मग कुठल्याशा रात्री काकांनी मोबाइलवर कॅम्परव्हॅन पाहिली. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेलं चालतं घर: पलंग, फ्रिज, इंडक्शनची शेगडी, सिंक, संडास, बाजूला उघडणारी छत्री आणि छत्रीखाली दोन खुर्च्या. त्या खुर्च्यांनी घात केला. समोर समुद्र, हातात चहा, मागे आपलं घर आणि त्या घराला सी-फेसिंगचा भाव नाही! दुसऱ्याच दिवशी काकांनी राज्य सरकारचं २०२१चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण शोधून काढलं, बँकेच्या प्रिंटरवर छापलं आणि हिरव्या हायलायटरनं रंगवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सागरी २०२४' नावाचा ग्रुप निघाला. पुढे त्याचं 'सागरी २०२५' झालं. सदस्य तेच, फोटो तोच.

एवढा खटाटोप कशासाठी? काका म्हणतात, स्वातंत्र्यासाठी. बुकिंग नाही, चेक-आउट नाही, मनाला येईल तिथे थांबायचं. हे स्वातंत्र्य त्यांनी एक्सेलमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत बसवलं आहे. 'मनाला येईल तिथे थांबणे' याला आरे-वारे आणि हर्णै या ठिकाणी प्रत्येकी अर्धा तास दिलेला मी स्वतः पाहिला.

पण खरं कारण एक्सेलमध्ये नाही. या किनाऱ्यावर काकांचे नातेवाईक दीपस्तंभांपेक्षा दाट पसरलेले आहेत. श्रीवर्धनला मावसबहीण, आंजर्ल्याला काकूंचे मामा, गुहागरला आत्या आणि मालगुंडला हिश्शावरून बोलणं बंद असलेला चुलतभाऊ. कोकणात हॉटेलात उतरावं, तर "आम्ही काय मेलो होतो?" हे पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात ऐकावं लागतं. घरी उतरावं, तर एक रात्र म्हणता म्हणता तीन होतात, वाडीतल्या प्रत्येक घरी चहा होतो, आणि तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता कुणीतरी विचारतं, "मग जागेचं काय ठरवलंस?" व्हॅन हा या पेचावरचा तोडगा आहे. हॉटेलही नाही आणि घरही नाही. "अगं, आम्ही गाडीतच राहतो," एवढं म्हणायचं आणि काच वर करायची. धोरण लिहिणाऱ्यांना पर्यटनाचा हा उपयोग सुचला नसणार.

मुंबईतून बाहेर कसं पडायचं, यावर ग्रुपमध्ये पावसाळाभर चर्चा झाली. अंधेरीचे मेहुणे रो-रोचे पुरस्कर्ते: भाऊच्या धक्क्याला गाडी बोटीत घालायची, तासाभरात मांडवा. घाटकोपरच्या मित्राला अटल सेतूखेरीज काही दिसत नाही, कारण उद्‌घाटन झाल्यापासून तो पाहुण्यांना फक्त तेवढंच दाखवतो. मुलुंडकर काकांचा कौल ऐरोली पूल, मग पळस्पे, मग पेण. बोरिवलीच्या साडूंनी एकच वाक्य टाकलं: "आधी मला घोडबंदरवरून ठाण्यात तर पोचू द्या." साडूंना तसा या प्रकरणात रसच कमी. गोराईच्या जेट्टीवरून पलीकडे गेलं की समुद्र भेटतो, मग त्यासाठी पाचशे किलोमीटर जायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न अजून ग्रुपमध्ये अनुत्तरित पडून आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा विषय मात्र काढायचा नाही असं सर्वानुमते ठरलंय. त्याचं चौपदरीकरण २०११च्या सुमारास सुरू झालं आणि त्यावर बोलायला लागलं की ट्रिप राहून जाते.

तारखेचं आणखी अवघड. पावसात फेरीबोटीचा भरवसा नाही. गणपतीत महामार्गाचा नाही. दिवाळीत आणि वर्षाअखेरीला निम्मं पुणं किनाऱ्यावर असतं. मार्चमध्ये बँकेचं इयर एंडिंग. मेमध्ये आंबे असतात आणि आंब्यांबरोबर सगळे हिस्सेदारही. राहता राहिला फेब्रुवारी, आणि फेब्रुवारीत दरवर्षी कुणाचं तरी लग्न निघतं.

व्हॅन भाड्यानं देणाऱ्या मालकानं एकदा ती दाखवायला आणली. अंधेरीत अशी गाडी उभी राहिली, तर वॉचमन मानसुद्धा वर करत नाही, कारण तिथे कुणाची तरी व्हॅनिटी रोजच उभी असते. मुलुंडात मात्र पाच मिनिटांत चाळीस माणसं गोळा झाली. "कोण आलंय? शूटिंग कुठे आहे?" तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तर साडी बदलून खाली उतरल्या. आत कुणी नट नाही, फक्त आपले काका फ्रिजचं दार उघडझाप करताहेत, हे पाहून गर्दी पांगली.

व्हॅन मात्र आत येऊ शकली नाही. सोसायटीच्या गेटवर 'सुस्वागतम'ची लोखंडी कमान आहे. रात्री अकराला काकांनी टेप आणली, एक टोक स्टुलावर चढलेल्या वॉचमनच्या हाती दिलं, दुसरं स्वतः जमिनीला टेकवलं आणि मोबाइलच्या उजेडात माप वाचलं. चार बोटं कमी. चाकांतली थोडी हवा काढली तर? कमानीतला 'सु' खाली लोंबतोय, तो काढला तर? सेक्रेटरींनी गॅलरीतूनच सांगितलं, कमानीला हात लावायचा तर जनरल बॉडी बोलवावी लागेल, आणि तुमचा पार्किंगचा मागचा हिशेब आधी मिटवावा लागेल. तेव्हा सामान नवघर रोडवर उभ्या गाडीत चढवायचं, असं ठरलं. त्यासाठी एक्सेलमध्ये 'सामान: साखळी पद्धत' असं नवं पान उघडण्यात आलं.

काकूंचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी ते आपणहून दिलं. "अहो, इथे उभ्या ओट्याशी पोळ्या लाटते, त्या तिथे हलत्या ओट्याशी लाटू? मग मी नक्की कुठे गेले?" काकांनी मेनू बदलला. आता स्वयंपाक फक्त चहा आणि मॅगी. पण म्हणून डबे कमी झाले नाहीत. मेतकूट, चकल्या, लाडू, पहिल्या रात्रीच्या दशम्या आणि फेरीबोटीसाठी वेगळा चिवडा, अशी काकूंची यादी आहे. एक प्रेशर कुकरही आहे, 'असावा म्हणून'.

मग टाकीचा प्रश्न आला. अशा गाडीत सिंकचं पाणी एका टाकीत जातं आणि संडासाचं दुसऱ्या, हे मालकानं समजावून सांगितलं. पहिलीचं काही नाही. दुसरी कुठे रिकामी करायची? धोरणात कॅराव्हॅन पार्कची तरतूद आहे, काकांनी हिरवी केलेली ओळ दाखवली. मालक म्हणाला, "साहेब, ओळ बरोबर आहे. पार्क वाटेत लागलं तर करा." कुटुंबात यावर गंभीर बैठक झाली आणि ठराव झाला, की गाडीतला संडास कुणीही वापरायचा नाही. ज्याच्यासाठी एवढं जादा भाडं मोजायचं ठरलं, त्या खोलीत आता कांद्यांची पिशवी, चटया आणि कुकर जाणार आहे. मोठं काम निघालं, तर पेट्रोल पंप किंवा नातेवाईक. म्हणजे ज्यांना चुकवायचं, त्यांच्याकडे रोज सकाळी जावं लागणार, हे काकांच्या लक्षात बऱ्याच उशिरा आलं.

आणि ड्रायव्हर? भाड्यानं मिळणाऱ्या बहुतेक व्हॅनबरोबर तो येतोच. पलंग चार, माणसं चार, ड्रायव्हर पाचवा. तो त्याच्या सीटवर झोपेल, असं मालक म्हणतो. परका माणूस दोन फुटांवर घोरत असताना मला झोप येणार नाही, असं काकू म्हणतात. ड्रायव्हरला अजून कुणी विचारलेलं नाही.

एका गोष्टीत मात्र काकांना मानायला हवं: गाडी वाळूत घालायची नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशी ठरवलं आणि ते ठाम आहेत. भरतीत रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टर लावून ओढतानाचे व्हिडिओ त्यांनी ग्रुपमध्ये इतके टाकले, की मेहुण्यांनी ग्रुप म्यूट केला. भरती-ओहोटीसाठी त्यांनी अ‍ॅपही घेतलं. ते अ‍ॅप उघडून ते एका सकाळी बाजारात सुरमईपुढे उभे होते. कोळीण म्हणाली, "काय बघताव?" भरती बघतोय म्हणाले. "आज तिथी काय?" चतुर्थी. "मंग तीनला." अ‍ॅप फिरतंच होतं. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब तिनं सुरमईचे तुकडे पाडता पाडता शिकवला. काका घरी आले ते पळतच, आणि तुकडे सिंकमध्ये तसेच टाकून त्यांनी एक्सेलमध्ये ०.७५चा फॉर्म्युला घातला. तेवढा एक रकाना आजवर कधीही चुकलेला नाही.

शेवटी बातमी फुटली. काकूंनी आंजर्ल्याच्या मामांना सहज फोनवर सांगितलं, मामांनी श्रीवर्धनला, आणि रविवारी दुपारी गुहागरहून आत्याचा फोन आला. मी तिथेच होतो. काकांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण कुणीतरी साक्षीला हवं होतं.

"गाडीत राहणार म्हणे? का रे, घर काय पडलंय आमचं?"

"तसं नाही आत्या, सगळी सोय आहे गाडीत. तुला त्रास नको. आणि तुमच्या पाखाडीत ती गाडी शिरणारही नाही, फार रुंद आहे."

"ठाऊक आहे. मामांनी सांगितलंन. म्हणून काल गडगा काढून घेतला दोन हात. पोफळीही एक आडवी येत होती, ती तोडली. आता ट्रक येईल."

काका गप्प. मुलुंडात चार बोटांसाठी जनरल बॉडी लागत होती.

"सिंकचं पाणी केळीच्या आळ्यात सोड, दुसरं पाणी करूच नका, मागे दोन संडास आहेत. ड्रायव्हर पडवीत झोपेल, मच्छरदाणी आहे. तुम्ही माजघरात."

"आणि गाडीत?"

"गाडीत आमचे हे झोपतील. गेला महिनाभर उकाड्यानं डोळ्याला डोळा नाही त्यांच्या. एसी आहे ना रे गाडीला? मग चार दिवस राहा निवांत. मालगुंडच्यालाही बोलावून घेते, म्हणजे जागेचंही एकदा बोलून होईल."

काकांनी त्याच संध्याकाळी मालकाला फोन केला. गाडी उभी असताना रात्रभर एसी चालेल का? चालेल, पण घरातून वायर ओढून वीज घ्यावी लागेल, मालक म्हणाला. काकांनी तसं गुहागरला कळवलं. पाच मिनिटांत आत्याचा उलट फोन: किती युनिट खातो ते आधी विचार, आणि ते भाड्यात धरलंय की वेगळं?