खतावणी

नाना पस्तीस वर्षं विकास सोसायटीचे सचिव होते. निवृत्त झाल्यावर ते शेतीला लागले असं गाव म्हणतं. खरं तर त्यांनी रानाचं दप्तर ताब्यात घेतलं. कृष्णाकाठचं तीन एकर काळं रान आणि त्याची लाल कापडी बांधणीची खतावणी. तिच्यात रुपयाचा उल्लेख नाही. फक्त पोटॅश, किलोत.

नत्राचं खातंच त्यांनी उघडलेलं नाही. "नत्र उडाणटप्पू. हवेत जातं, पाण्यात जातं, त्याच्यामागं कोण पळणार? पोटॅश घरंदाज. काळ्या रानातून निघालं तर माणसाच्याच हातानं निघतं." म्हणून ते हातांवर नजर ठेवतात. ऊस तुटला की वाड्याच्या पेंढ्या मोजून नावे टाकतात. साखरेत पोटॅश नसतं, ते मळीत उतरतं, हे कळल्यापासून कारखान्याच्या स्लिपबॉयला दर गळिताला एकच विनंती: "साखर ठेवा, माझी मळी परत पाठवा." हरभऱ्यानं बेवड चांगला होतो म्हटलं, तर विचारतात, "नत्र आणतो, कबूल. पोटॅश कुठनं आणतो? तोही घेऊनच जातो की." ज्वारीवर मात्र लोभ. पोटॅश दाण्यात थोडं, बरंचसं कडब्यात. दाणा विकावा, कडबा घरी राहतो. एकदा नाइलाजानं कडबा शेजारच्या सर्जेरावाला दिला, तर महिनाभर त्याच्या गोठ्यात बादली घेऊन उभे. "शेण असू दे तुला. मुताचं बोल. माझं पोटॅश त्यात आहे."

जमेला शेणखत, चुलीची राख आणि पोटॅशची गोणी. गोणी ५० किलोची, जमा ३०. नाना फुगवत नाहीत. तरी उसाच्या फेऱ्यांनी दरसाल तूट.

आणि माती तपासणीचा कागद दरवेळी म्हणतो, पालाश, म्हणजे पोटॅशच, 'भरपूर'. हेक्टरी २८० किलोच्या वर गेलं की भरपूर. नानांचं चारशेच्या पुढं. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. नानांची झोप उडाली. पुस्तकात तूट आणि तिजोरीत शिल्लक, म्हणजे अफरातफर!

कृषी सहायकानं समजावलं. काळ्या चिकणमातीच्या पापुद्र्यांत जुनं पोटॅश अडकलेलं असतं. पीक वरचं उचलतं, तसं आतलं हळूहळू सुटतं. कागदाला वरचंच दिसतं.

"म्हणजे वाडवडिलांची ठेव मोडून चाललंय," नाना म्हणाले, "आणि पासबुकात नोंद नाही." सोसायटीत असं करणाऱ्याला त्यांनी नोटीस काढली असती. इथं काढायची कुणाला? स्वतःलाच एक लिहिली, पोच घेतली, फाइलला लावली.

परवा काकूंना म्हणाले, "मी गेल्यावर राख नदीत सोडू नका. रानात टाका. माझं पोटॅश किरकोळ, पण सरणाच्या लाकडांचं बऱ्यापैकी येईल."

काकू भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, पण लाकडं आपल्याच बांधावरची ना?"

नानांनी चष्मा लावला आणि खतावणी पुन्हा उघडली.