आर-वन भरला का?

महिन्याच्या नऊ तारखेला बापू फोनला बसतात. गिऱ्हाईक काउंटरवर अर्ध्या इंचाचा एल्बो मागत ताटकळत असतं, आणि बापू पुण्याच्या होलसेलवाल्याला मधाळ आवाजात विचारत असतात, "शेठ, तब्येत काय म्हणते? घरी सगळे ठीक? अन् आर-वन भरला का?" दहा तारखेला तब्येतीची चौकशी गळते. अकराला घरचे गळतात. बाराला 'शेठ' गळतं. तेराला रात्री दुकान बंद करता करता फक्त दम उरतो : "उद्या टू-बी निघतंय. माझी बिलं त्यात दिसली नाहीत, तर पुढच्या पेमेंटची वाट बघू नका."

पलीकडून नेहमीचंच उत्तर येतं. सीए गावाला गेलाय, मुनीम आजारी आहे, साइट चालत नाही. बापूंना ही कारणं पाठ आहेत, कारण यांतली निम्मी ते स्वतः एकेकाळी सेल्स टॅक्सच्या इन्स्पेक्टरला सांगत असत.

ज्यांच्या नशिबी ही भानगड आलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की शेठने माल विकताना बापूंकडून जो कर घेतला, तो बापूंना स्वतःच्या करातून वजा करून मिळतो. मात्र शेठने आपल्या विक्रीच्या पत्रकात, म्हणजे जीएसटीआर-वनमध्ये, बापूंचं बिल दाखवलं आणि ते टू-बी या क्रेडिटच्या यादीत उमटलं तरच. पूर्वी थोडी ढिलाई होती. पोर्टलवर न दिसणाऱ्या बिलांपोटीही आधी वीस टक्के, मग दहा, मग पाच टक्के जादा क्रेडिट घेता यायचं. 2022 च्या जानेवारीपासून तेही बंद झालं. बिल हातात आहे, पैसे दिलेत, माल फळीवर मांडलाय, तरी शेठ पत्रक भरायचं विसरला की तोच कर बापूंनी पुन्हा खिशातून भरायचा. म्हणजे पुण्यातल्या कुणा शेठच्या आळसावर लक्ष ठेवायचं काम सरकारने परस्पर बापूंकडे सोपवलं. पगार नाही, भत्ता नाही, साधं नेमणुकीचं पत्रसुद्धा नाही. आणि गंमत अशी की बापूंना हे काम मनापासून आवडलं.

बापू एकटे नाहीत. कराडला आहेत, बार्शीला आहेत, चिपळूणला आहेत. बाजारपेठ म्हटली की कुठल्या तरी दुकानात रंगाचे डबे आणि खिळ्यांची पोती यांच्यामध्ये एक संगणक आणि त्याच्यासमोर चष्मा कपाळावर चढवलेले एक बापू सापडायचेच. वय पंचावन्नच्या पुढे. शिक्षण बीकॉम, तेही पहिल्या वर्षापर्यंत. वडिलांचं आयुष्य विक्रीकर खात्याच्या धाकात गेलं. जीप बाजारात शिरली की शटर अर्धं खाली यायचं. बापूंनी 2005 साली व्हॅट पाहिला, जकातीचे नाके उठताना पाहिले, आणि त्या सगळ्यातून ते असे तयार झाले, की आता जीप त्यांच्या स्वतःच्या डोक्यात फिरते.

जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. बापूंना भारताचा नकाशा आता या दोन आकड्यांतूनच दिसतो. 24 म्हणजे गुजरात, तिकडून नळ आणि फिटिंग येतं. 09 म्हणजे उत्तर प्रदेश, अलिगढची कुलपं. 30 म्हणजे गोवा, तिकडून बापूंकडे काही येत नाही, पण माहीत असावं. धाकटी सून बेळगावची. लग्नात तिच्या वडिलांची ओळख करून देताना बापू म्हणाले, "हे आमचे एकोणतीसचे व्याही." व्याह्यांची सगळी हयात सीमालढ्याच्या मोर्च्यात गेलेली, त्यांचा चेहरा पडला. बापूंनी त्यांची समजूत काढली : "माझ्या मनात तुम्ही सत्तावीसच. पण तिथून माल मागवला तर आयजीएसटीच लागतो, त्याला मी काय करू?"

त्याच लग्नातली फरसाणाची गोष्ट बाजारात अजून सांगतात. स्टँडजवळच्या दुकानातून फरसाण आलं, बरोबर छापील बिल, खाली जीएसटी म्हणून वेगळी रक्कम. दुसऱ्या कुणी ते बिल खिशात कोंबलं असतं. बापूंनी हळद लागलेल्या बोटांनी मोबाइल काढला, पोर्टलवर नंबर टाकला आणि मांडवातूनच थेट दुकान गाठलं.

"तू कंपोझिशनमध्ये आहेस."

"हो बापू. छोटा माणूस मी. उलाढालीवर एक टक्का भरतो, सुटतो."

"तो तुझ्या खिशातून भरायचा. गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही तुला. आणि 'कंपोझिशन' अशी पाटी लावायची असते दुकानात. कुठाय?"

"अहो, बावीस रुपयांसाठी लग्न सोडून आलात?"

"बावीस रुपयांसाठी नाही," बापू म्हणाले, "कलम दहासाठी."

बावीस रुपये परत मिळाले. पाटीही लागली, वजनकाट्याच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा बेताने. बापू पंधरवड्यातून एकदा शेव घ्यायला जातात आणि मान वाकडी करून ती जागेवर आहे ना ते बघून येतात.

आता बापू फार धुतल्या तांदळासारखे आहेत असं समजू नका. जुन्या काळी त्यांच्याकडेही दोन वह्या होत्या, लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडली जायची ती एक आणि पाटाखालची एक, असं बाजारात बोललं जातं. पण आजही गवंडी येऊन हळूच म्हणतो, "बापू, कच्च्यात द्या ना," तेव्हा बापू मान हलवतात ती नीतीने नाही, हिशेबाने. खरेदी सगळी पोर्टलवर उमटलेली. आलेला माल बिलाशिवाय विकला, तर कागदावर तो दुकानातच पडून राहणार. वर्षाअखेरीला चाळीस पोती सिमेंट दाखवायचं कुठून? प्रामाणिकपणा हा बापूंच्या बाबतीत गोदामाच्या जागेचा प्रश्न आहे.

वीस तारीख ही खरी परीक्षा. त्या दिवशी थ्री-बी भरायचं, म्हणजे सगळ्या महिन्याची बेरीज-वजाबाकी करून रोख कर भरायचा. दर तीन महिन्यांनी पत्रक भरायची सोय पाच कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्यांना 2021 पासून आहे. बापूंनी ती नाकारली. "तीन महिन्यांचं दुखणं एकदम काढण्यापेक्षा महिन्याच्या महिन्याला कण्हलेलं बरं."

या 'थ्री-बी'चीही एक कहाणी आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा हे पत्रक दोन महिन्यांपुरतं, घडी बसेपर्यंत, असं सांगितलं होतं. पहिल्या पत्रकाची मुदत वीस ऑगस्टची होती, ती वाढून पंचवीस झाली, आणि पंचवीसला नेमकी गणेशचतुर्थी. घरी गुरुजी प्राणप्रतिष्ठेला खोळंबलेले आणि यजमान सायबर कॅफेत कॅप्चा ओळखत बसलेले. पुढे ज्यांना कायमची पत्रकं म्हणून आणलं होतं ती आर-टू आणि आर-थ्री बासनात गेली, आणि तात्पुरतं थ्री-बी घरजावयासारखं अजून ठाण मांडून आहे. त्याचा एक स्वभाव बापू नवशिक्यांना आवर्जून सांगतात : एकदा दाखल केलं, की ते दुरुस्त होत नाही. चुकलं तर चुकलं, पुढच्या महिन्यात निस्तरा. त्यामुळे शेवटचं बटण दाबण्याआधी बापू स्क्रीनवरचे आकडे कागदावर उतरवून घेतात, कागदावरचे पुन्हा स्क्रीनशी ताडून बघतात, मग देवाला नव्हे पण देवाच्या दिशेला हात जोडतात.

खरी अडचण मात्र पुढे असते. वाटण्यांच्या वेळी दुकान बापूंच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, नावावर झालं. मालक त्या, सही त्यांची, आणि पत्रक दाखल करताना येणारा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. तो दहा मिनिटं चालतो. वहिनी संध्याकाळी विठ्ठलमंदिरात भजनी मंडळात असतात आणि मोबाइल पिशवीत, पिशवी खुंटीला. एका वीस तारखेला दुकानातला पोरगा स्कूटरवरून देवळात पिटाळला. त्याने टाळांच्या गजरात वहिनींना फोन करायला लावला, आणि वहिनींनी आपल्या शाळेतल्या सवयीने दोन-दोनची जोडी लावून सांगितलं, "एकोणसाठ, अठ्ठ्याहत्तर, त्रेचाळीस." टंकायला इंग्रजी माध्यमातून शिकलेले चिरंजीव. त्यांनी एकोणसाठचे एकोणसत्तर केले. ओटीपी चुकीचा. दुसरा मागवला, तोवर अभंग सुरू झाला होता आणि अभंग संपेपर्यंत वहिनी कुणाचा बापदेखील आला तरी उठत नाहीत.

तेव्हापासून वीस तारखेला मंडळाला सुट्टी असते. पण वहिनी वहिनीच आहेत. मागच्या खेपेला ओटीपी आला, तशी त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

"आधी वाचून दाखवा, मी कशावर सही करतेय ते."

"अगं, दहा मिनिटांचीच मुदत असते."

"मग भरभर वाचा."

बापूंनी वाचलं. विक्रीवरचा कर इतका, क्रेडिट इतकं, रोख भरायचे आठ हजार सहाशे. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या दुकानातून दर महिन्याला आठ हजार जातात, आणि भिशीचे पाचशे मागितले की तुमचा चेहरा उतरतो." भिशीचे पाचशे काउंटरवर आले, मग ओटीपी आला. बापू म्हणतात, याचं बिल काही मिळत नाही आणि क्रेडिटही नाही.

पत्रकाला एक दिवस उशीर झाला तर पन्नास रुपये लेट फी, विक्री शून्य असली तरी वीस, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज. बापूंना लेट फी एकदाही लागलेली नाही, हे वाक्य ते ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत बोलतात. त्यामुळे त्यांना सरकारचा खरा राग येतो तो मुदतवाढीचा. 2025 च्या जानेवारीत पोर्टलने ऐन वेळी मान टाकली, तेव्हा आर-वनची तारीख अकरावरून तेरा आणि थ्री-बीची वीसवरून बावीस झाली. बाजारात पेढे वाटायचे तेवढे राहिले. बापू मात्र रात्री जागून, पान पुन्हा पुन्हा उघडून आर-वन भरून मोकळे झाले होते. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. रोज पहाटे उठून अभ्यास करणाऱ्या पोराला परीक्षा पुढे गेल्याचं कळावं, तसा त्यांचा चेहरा होता.

दुकानातल्या वस्तूही बापूंना जीएसटीच्या कोड नंबरांतूनच दिसतात. तुम्ही खिळे मागता, बापू मनात 7317 म्हणतात. स्क्रू 7318, नळ 8481, कुलूप 8301, बिजागरी 8302. एकदा एका शेतकऱ्याने हुज्जत घातली, की फावड्यावर कर नाही, मग हातोडीवर अठरा टक्के कशाला, दोन्ही लोखंडाचीच ना? दुसरा दुकानदार 'सरकारला विचारा' म्हणून सुटला असता. बापूंनी स्टूल दिलं, चहा सांगितला आणि फावडं, कुदळ, विळा ही हाताने चालवायची शेतीची अवजारं कशी, त्यांना माफी का, आणि हातोडीचा मळ्यात कितीही उपयोग होत असला तरी ती त्या वर्गात का बसत नाही, हे पाऊण तास समजावून सांगितलं. शेतकरी फावडं घेऊन गेला. हातोडी नेली नाही.

आणि 22 सप्टेंबर 2025. घटस्थापनेचा मुहूर्त, सिमेंटवरचा कर अठ्ठावीसचा अठरा झाला. घोषणा झाल्यापासूनचे ते अडीच-तीन आठवडे बाजारात पोतं हललं नव्हतं; ज्याच्या घराचा स्लॅब अर्धवट होता तोही म्हणत होता, नवरात्र उजाडू द्या. बापूंचा सगळा साठा अठ्ठावीसने घेतलेला, विकायचा अठराने. वरचं क्रेडिट खात्यावर पडून. सिमेंटचं गिऱ्हाईक खूश होऊन गेलं, की बापू संगणक उघडून क्रेडिटच्या खात्याकडे बघत बसायचे. त्यातून लगेच काही मिळायचं नव्हतं, पण आकडा मोठा होता आणि तो पूर्णपणे त्यांचा होता, म्हणजे वहिनींचा.

परवा चिरंजीवांनी विषय काढला. सगळं सीएकडे देऊन टाकू, महिन्याचे आठशे घेतो, तुम्ही जरा निवांत बसा. मी तिथेच होतो. मला वाटलं, आता बापू दुखावतील. ते दुखावले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि शांतपणे म्हणाले, "आठशेवर अठरा टक्के, एकशे चव्वेचाळीस जीएसटी लावणार तो. ते क्रेडिट मला हवं तर त्याने त्याचा आर-वन वेळेवर भरायला हवा. तो भरतो की नाही हे कोण बघणार? मीच ना?"

आणि सीएचा नंबर मागून घेतला. नऊ तारीख जवळच होती.