जाड्या का पडतो?

जाड्या का पडतो, हे आता आपल्याला कळणार आहे. जाड्या-रड्यासारख्या जुन्या विनोदी जोडगोळीचा नवा अवतार यायचा असला की आधी दिग्दर्शकाची मुलाखत येते, आणि तीत हे एक वाक्य असतंच: मूळ पात्रांना खोली नव्हती, ती आम्ही दिली. इतकी वर्षं जाड्याला खड्डा पुरत होता. आता त्याला खोली हवी.

खोली म्हणजे बालपण. जाड्या सात वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. जाताना जिन्यावरून गेले. तेव्हापासून जिना दिसला की त्याचं मन घसरतं, आणि मनापाठोपाठ पाय. रड्याच्या रडण्यालाही असंच काहीतरी असणार. बहुधा कुत्रं मेलं असेल. एकूण काय, तुम्ही-आम्ही ज्याला हसत आलो ती एका अनाथ लेकराची जखम होती. लाज वाटू द्या जरा.

माझं घोडं त्या जिन्यापाशी अडलंय. कारण खरा जिना लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात अजून उभा आहे. पायऱ्या 133. 1932 च्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये जाड्या-रड्या पियानोचं खोकं त्यावरून वर नेतात. खोकं गडगडत खाली येतं. ते पुन्हा नेतात. ते पुन्हा येतं. अखेर घामाघूम होऊन माथ्यावर पोचतात, तर पोस्टमन सांगतो, अहो, मागच्या बाजूने रस्ता आहे की, गाडी थेट दारात येते! यावर ही दोघं काय करतात? खोकं परत खाली नेतात, घोडागाडीत चढवतात आणि रस्त्याने वर आणतात. सिनेमा जेमतेम अर्ध्या तासाचा. त्यात तो पियानो कुणाच्या दिवंगत आईचा होता, याबद्दल चकार शब्द नाही. जड वस्तू आणि उंच जिना एवढ्या सामग्रीवर काम भागलं.

आणि हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. याच जिन्यावर 1927 साली ‘हॅट्स ऑफ’ नावाचा मूकपट काढून झाला होता. तेव्हा वर न्यायचं होतं ते कपडे धुण्याचं यंत्र. म्हणजे ज्या पियानोला आपण अभिजात म्हणून हात जोडतो, तोच मुळात धुण्याच्या यंत्राचा पुनर्जन्म. तेव्हा जुनं पुन्हा करू नका, असं माझं म्हणणं नाही. खुशाल करा. फ्रीज न्या, सोफा न्या, तुमच्या निर्मात्याचा अहंकार न्या. तोही जड असतो आणि जिना त्यालाही पुरेल.

पण नेतील तर शपथ. नव्या अवतारात पायऱ्या खऱ्या असतात सहा, त्याही थर्माकोलच्या. बाकीच्या 127 कॉम्प्युटर काढून देतो. पियानो स्पंजचा, कारण नायकाच्या करारात वजन उचलणं बसत नाही. मागे हिरवा पडदा. पाय घसरतो त्या क्षणी सगळं मंद होतं, व्हायोलिन सुरू होतं, आणि पाय पायरीपासून सुटून पुढच्या पायरीला टेकेपर्यंत आपण जाड्याचं बालवाडीतलं पहिलं प्रेम, वडिलांची बॅग आणि आईचा डोळ्याला लागलेला पदर (हॉलिवूडमध्ये एप्रन) पाहून परत येतो. पियानोत एक हिरा असतो. तो ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती पृथ्वी. म्हणून जिन्याच्या तळाशी खलनायक, माथ्यावर हेलिकॉप्टर, आणि मधल्या कट्ट्यावर दुसऱ्या विश्वातून आलेली 1932 सालची जाड्या-रड्याची जोडी, जी आताच्या जाड्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगते की पडणं वाईट नाही, न उठणं वाईट. पृथ्वीवर आणि वरही कुणी हसत नाही. रड्या जाड्याच्या टाळक्यात फळी घालायला पुढे होतो. पण दोघांमधलं नातं आता निकोप दाखवायचं असल्यामुळे तो फळी बाजूला ठेवतो आणि त्याला मिठीत घेतो. फळी बाजूला ठेवतो! सोळाव्या शतकात इटलीतल्या फिरत्या नाटकमंडळींनी दोन पट्ट्या जोडून, लागणार कमी पण वाजणार फार, अशी काठी खास या कामासाठी वापरात आणली. आमच्या वगातला सोंगाड्या त्याच धंद्यावर जगला. आणि तुम्ही ती बाजूला ठेवता? आणि पियानो? तो गडगडतो की नाही? गडगडतो ना. दुसऱ्या भागात.

पडणाऱ्या माणसाला लागतं काय? डोक्यापासून पायापर्यंत मावेल एवढी चौकट आणि गप्प बसणारा कॅमेरा. केळ्याची साल चौकटीत दिसते, माणूस दिसतो, मधलं अंतर दिसतं. हसू त्या अंतरात असतं. आता साल वेगळी, बूट वेगळा, भेदरलेला डोळा वेगळा आणि वरून ड्रोन. माणूस आपटला की नुसता संकलक, हे कळायला मार्ग नाही. अर्ध्या तासाचा ऐवज अडीच तास ताणायचा, वर पॉपकॉर्नच्या नावाखाली जेवणाचे पैसे काढून घ्यायचे, आणि याला म्हणायचं मानवंदना!

मानवंदनेचं तर बोलूच नका. त्या ‘हॅट्स ऑफ’ची एकही प्रत आज हाताशी नाही. धुण्याचं यंत्र जिन्यावरून कसं गडगडलं, हे काही छायाचित्रांवरून ताडायचं. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. उरले ते मोजके, त्यातलेही कित्येक तुकड्यांत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. काही जळाली, काही डब्यात कुजली, आणि काही लोकांनी तिच्यातल्या चांदीसाठी वितळवली. तेव्हा जाड्याला बालपण देण्यावर जो पैसा उधळताय, त्यातल्या हेलिकॉप्टरापुरता तरी अशा डब्यांसाठी काढा. बालपण द्यायचंच तर त्या सिनेमांना म्हातारपण द्या. मेल्यावर कसल्या मानवंदना देता?

तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांचं तंबूतलं थिएटर असेल आणि माळ्यावर गंजके गोल डबे पडून असतील, तर ते भंगारवाल्याला देऊ नका. उघडूही नका, नायट्रेट पटकन पेट घेतं. एखाद्या फिल्म संग्रहालयाला फोन करा, त्यांची माणसं येऊन नेतील. फक्त जिन्यावरून नीट न्या म्हणावं.