आठ अंश

असा एक गृहस्थ प्रत्येक कॉलनीत असतो. अरेरा कॉलनीतला आमच्या फाटकासमोर राहतो. काका भेलमधून निवृत्त झाले. जन्मभर ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान पाहिलं, आता व्हाइट वाइनचं पाहतात.

मे महिना, बाहेर 44. काकांचा फोन येतो, "संध्याकाळी ये रे. नाशिकची शेनिन ब्लां आहे. आठ अंशांवर देतो." आठ म्हणजे आठ. सातला वास मरतो, नवाला चव सैल पडते, असं त्यांचं मत. फ्रेंच लोक इतके काटेकोर असतील असं मला वाटत नाही.

पहिल्यांदा त्यांनी घरातला तापाचा थर्मामीटर बाटलीत घातला. पारा 35च्या खाली दिसेचना. "ताप नाही ना, मग प्या की," मी म्हणालो. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लांब दांडीचा थर्मामीटर घेऊन आले.

बाटली फ्रीझरमध्ये कोंबणारा त्यांच्या लेखी अडाणी. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ हवं. नुसते खडे बाटलीला जागोजाग टेकतात, पाणी चहूकडून बिलगतं, आणि मिठामुळे ते शून्याच्याही खाली जातं. "आपल्या आइस्क्रीमच्या पॉटचंच तत्त्व!" हे ते दर वेळी नव्यानं सांगतात. मग बूच निघतं, थर्मामीटर आत जातो. साडेनऊ. बाटली परत बादलीत. आठ होतात, ग्लासात ओततात, ग्लासात अकरा! तोवर भजी संपलेली असतात.

एकदा कुठल्याशा खात्याचे बडे साहेब आले होते. त्यांनी ग्लास ओंजळीत धरला. काका किंचाळले, "दांडी! दांडी धरा! हात गरम असतो!" साहेब दांडी धरून शाळकरी पोरासारखे बसून राहिले.

परवा भर दुपारी मी बिट्टन मार्केटमधून चालत आलो आणि फाटकाशीच बसलो. लू लागली होती. काका धावत आले. हातात तीच बादली. मानेवर, काखेत बर्फाचे फडके ठेवले, डोक्यावर खारं पाणी ओतलं. काकूंनी पन्हं आणलं.

"फार गार नाहीये हो," काकू म्हणाल्या.

"असू दे! पी रे, पी आधी!"

एवढ्या वर्षांत त्यांनी काही न मोजता प्यायला दिलेलं पाहिलं नव्हतं. हात थरथरत होते त्यांचे. ग्लास मी ओंजळीत धरला होता, तेही दिसलं नाही.

संध्याकाळी चौकशीला आले तेव्हा आठवण झाली. बादली माझ्यासाठी उचलली, मग बाटली?

"ओट्यावर, उन्हात राहिली."

"किती?"

"अडतीस," काका म्हणाले. "आता तापाच्या थर्मामीटरवरही दिसेल."