अर्थ नको, अक्षरं सांगा

पाच अक्षरी इंग्रजी शब्द हवाय. मधलं अक्षर ओ. आर आहे, पण पहिला नाही. ई नाही, एसही नाही. फ्लोअर? थॉर्न? क्राउन?

सकाळचा चहा समोर निवत असताना चांगली शिकलीसवरली माणसं मनात असलं काहीतरी पुटपुटत असतात. एरवी शब्द असा कोणी मागत नाही. काही सांगायचं असतं म्हणून आपण शब्द शोधतो. इथे सांगायचं काहीच नसतं. मधोमध ओ असला की काम झालं.

आताच्या या वेडाचा उगम घरगुती आहे. जॉश वॉर्डल हा वेल्समध्ये वाढलेला आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याची जोडीदार पलक शाह हिला शब्दखेळांचा नाद, म्हणून त्याने तिच्यासाठी पाच अक्षरी शब्द ओळखायचा एक खेळ रचला आणि आडनावाला मुरड घालून त्याला ‘वर्डल’ नाव दिलं. पाच अक्षरी इंग्रजी शब्द निघाले १२,००० च्या वर. त्यातले बहुतेक जन्मात कोणी ऐकलेले नसतात. तेव्हा पलकबाईंनी तांदूळ निवडावेत तसे ते निवडले आणि ओळखीचे सुमारे २,५०० बाजूला काढले. यंत्र बनवलं त्याने, निवडण-टिपण केलं तिने. ब्रुकलिनमध्येही कामाची वाटणी अशीच होते तर! १ नोव्हेंबर २०२१ ला हा खेळ ९० जण खेळत होते. दोन महिन्यांत ते तीन लाख झाले आणि जानेवारी संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने तो विकतही घेतला.

त्याच जानेवारीत एक दिवस उत्तर आलं ‘फेवर’, अमेरिकन पद्धतीचं, म्हणजे यू नसलेलं. इंग्लंडात संतापाची लाट उसळली. मला त्यांच्याबद्दल मनापासून सहानुभूती वाटली. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ‘कलर’मधला तो न उच्चारला जाणारा यू निमूटपणे पाठ केला, गाळला तेव्हा मार्क घालवले, आणि आता कळतं की अमेरिकेने तो केव्हाच टाकून दिलाय. आमचे कापलेले मार्क परत कोणाकडे मागायचे?

वर्डलच्या कितीतरी आधी अक्षरांची मोजदाद खऱ्या अर्थाने केली ती आल्फ्रेड बट्स याने. हा अमेरिकेतला वास्तुविशारद. १९३० च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेली, हाताशी वेळच वेळ. त्याने वर्तमानपत्र घेतलं आणि कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसला. लोक जाहिरातींत नोकऱ्या शोधत होते, हा त्याच पेपरात ई मोजत होता. त्यातून पुढे पटावर शब्द जुळवायचं स्क्रॅबल आलं. हे नाव मिळालं १९४८ मध्ये. एकूण १०० सोंगट्या, त्यात ई च्या १२, आणि एस च्या मात्र चारच. कोणत्याही नामाला एस चिकटवून फुकटचं अनेकवचन करणाऱ्यांना बट्सने आधीच ओळखलं होतं.

एका वेळी हातात सात सोंगट्या असतात. सातही एकदम लावल्या तर ५० गुण जादा. मराठी शब्दकोड्यात दोन घरांत मावणारी ज्योत्स्ना इंग्रजीत नेमकी सात अक्षरांची होते, म्हणजे अगदी बक्षिसाच्या मापाची. पण स्क्रॅबलमध्ये विशेषनाम चालत नाही. ‘त्स्ना’सारखं जोडाक्षर एका घरात कोंबणाऱ्या मराठी कोडेकारांना मात्र माझा वेगळा नमस्कार.

खरी फजिती क्यू हाती आला की होते. गुण दहा, पण यूशिवाय तो पाऊल टाकत नाही. नव्या नवरीला पाठराखीण असते, तीही चार दिवसांनी परत जाते, ही जन्माची. अशा वेळी अडलेल्या साहेबाच्या मदतीला कोण धावतं? फकीर, काझी, तलाक, नकाब. हे सगळे अरबी शब्द इंग्रजी भाषा क्यू घालून आणि यू वगळून लिहिते, आणि स्क्रॅबलच्या कॉलिन्स शब्दयादीत ते सुखाने नांदतात. आपल्याकडे गावच्या काझीपासून वाड्यावरच्या फकिरापर्यंत सगळे रोजच्या बोलण्यातले. शेक्सपिअर पचवलेला माणूस क्यू धरून बसलेला असतो आणि त्याला सोडवायला फकीर येतो, हे मला फार आवडतं.

ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या लुईस कॅरोलने याहून सोज्ज्वळ खेळ काढला होता. १८७७ च्या नाताळात, करमत नसलेल्या दोन मुलींसाठी. सारख्या लांबीचे दोन शब्द घ्यायचे आणि दर वेळी एकच अक्षर बदलत एकावरून दुसऱ्यावर जायचं. डोक्यापासून शेपटीपर्यंत: हेड, हील, टील, टेल, टॉल आणि पुन्हा टेल, पण हा शेपटीचा. पुढे स्टॅनफर्डच्या डोनाल्ड क्नूथने ५,७५७ पाच अक्षरी शब्दांचं सगळं गणगोत संगणकावर मांडलं. एका अक्षराच्या फरकाने जे दोन शब्द जुळतात ते शेजारी. त्यात ६७१ शब्द असे निघाले की ज्यांना एकही शेजारी नाही. ‘अलूफ’ हा त्यांतलाच एक, म्हणून क्नूथने सगळ्या जमातीला त्याचंच नाव दिलं. फ्लॅट संस्कृतीवर याहून नेमकं संशोधन माझ्या वाचनात नाही.

आणि मग नायजेल रिचर्ड्‌स. हा न्यूझीलंडचा गृहस्थ इंग्रजी स्क्रॅबलचा अनेकदा जगज्जेता. २०१५ मध्ये तो फ्रेंच स्क्रॅबलच्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि जिंकला. फ्रेंच त्याला येत नव्हतं. स्पर्धेपूर्वीच्या साधारण नऊ आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती, बस्स. २०२४ मध्ये स्पॅनिशच्या बाबतीत पुन्हा तेच. आमच्या शाळेत घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्या गुरुजनांना हा माणूस एकदा दाखवायला हवा होता. अर्थ नाही, व्याकरण नाही, ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ नाही. नुसती अक्षरं, आणि समोर जन्मभर फ्रेंच बोलणारे गारद. जिच्या धाकाने आपण गाईडं पाठ केली त्या इंग्रजीकडेही असं बघता येतं, हे आम्हाला कोणी वेळेवर सांगितलं नाही.

आमच्या ओळखीत एक जोडपं आहे. बाई इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापिका होत्या, गृहस्थ बँकेत. रविवारी स्क्रॅबल रंगतं आणि बाई नेमाने हरतात. त्यांना सुंदर शब्द सुचतात, पण सुंदर शब्दांना जागा लागते. गृहस्थ दोन अक्षरी शब्दांची यादी कोळून प्यायले आहेत. परवा त्यांनी क्यू आणि आय एवढंच लावून ‘ची’ केलं. बाईंनी चष्मा वर केला.

“अर्थ?”

“चिनी आहे काहीतरी.”

“अहो, मग वाक्यात उपयोग करा.”

“अगं, पटावर केला की! अकरा मार्क. लिहून घे.”